सात कोरड्या पायऱ्या

माझ्या नातीने वरच्या घळीतून बोट आणायचं ठरवलं तेव्हा मी तिच्या बोटीचं झाकण पिठाच्या डब्यात लपवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्यावर कुणी विश्वास का ठेवला नाही ते कळेल. रबरी झाकण असतं ते. कमरेला घालायचं आणि बोटीत बसलं की बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. ते सापडलं नाही तर बाईसाहेब घरी बसतील असं मला वाटलं. सुनेने दुसऱ्याच दिवशी पीठ घ्यायला डबा उघडला. बोलली काही नाही. झाकण झटकलं, दोरीवर टांगलं आणि माझ्याकडे बघून हसली. तिचं ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

त्याच्या आधी मला चक्कर येऊन झाली होती. डॉक्टरीणबाई घरी आल्या, नाडी धरली आणि म्हणाल्या, "आजी, ही घोड्याची नाडी आहे. तुम्हीच जा बोट घेऊन."

तर अशी माझी पत.

आमचं घर नदीला पाठ लावून उभं आहे. खाली बोटी दुरुस्त करायचा कारखाना, वर आम्ही. कारखान्याचं मागचं दार उघडलं की उंबऱ्यापासून पायऱ्या सुरू होतात त्या थेट पाण्यात जातात. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं लोकांना या नदीतून फिरवलं. नदीची उंची कळावी म्हणून पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेत, पण यांनी त्या आकड्यांकडे कधी मान वर करून बघितलं नाही. "खांब सरकारचा, पायऱ्या माझ्या," म्हणायचे. सकाळी दात घासत दारात उभं राहायचं आणि उंबऱ्याखाली किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजायचं. जास्त पायऱ्या कोरड्या म्हणजे पाणी खाली, कमी कोरड्या म्हणजे पाणी वर. तेवढ्यावर यांची सगळी विद्या. एक वही होती आणि वहीत एकेका खळाळाचं एकेक पान. खळाळांची नावंही यांचीच. पहिला तो धाकटी नणंद, चिमटे काढते पण मारत नाही. मग दोघी जावा, एकीच्या हातून सुटलं की दुसरी धरते. आणि सगळ्यात शेवटी सासू. कुणाची सासू ते विचारायची सोय नव्हती. मी तेव्हा कुणाची सासू झालेली नव्हते, एवढं सांगते.

सासूच्या पानावर यांनी लिहून ठेवलं होतं: सात कोरड्या, जा. सहा, विचार कर. पाच, घरी बस.

त्याला कारण होतं. सासूच्या तोंडाशी डाव्या अंगाला खडकाची लांब फळी आहे. सात कोरड्या असल्या की ती फळी उघडी असते. तिथे बोट लावायची, उतरायचं, पुढचं पाणी डोळ्यांनी बघायचं. पटलं तर जायचं, नाही पटलं तर बोट खांद्यावर घेऊन फळीवरून चालत पलीकडे निघायचं. पाच कोरड्या असल्या की फळी पाण्याखाली. मग थांबायला जागा नाही, दोन्हीकडे ताठ भिंत, आणि पाणी नेईल तिकडे जायचं. सासूच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं. आत गेलेलं माणूस धुणं पिळावं तसं पिळून निघतं.

मागच्या वर्षी माझा मुलगा आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, असे दोघं गेले. निघताना मुलाने पायऱ्या मोजल्या. मी शेजारी उभी होते. सात होत्या. वही उघडून बघितली, वहीतही सात. दोघं गेले आणि फळी सापडलीच नाही. मुलाचा उजवा खांदा निखळला. बेकरीवाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. एक बोट आजवर मिळालेली नाही.

दवाखान्यात मुलगा मला म्हणाला, "आई, पहिल्यापासून पाणी जड लागत होतं गं. मला कळत होतं. पण सात होत्या."

आणि मी काय बोलावं? तिथे बेकरीवाल्याची बायको होती, शेजारी होते, न्हावी होता. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "पाणी जड नसतं, हात हलका असतो. बापाची वही वाचता आली, पाणी नाही आलं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वाक्य मात्र बेतशीर झालं होतं. लोकांनी ते झेललं. आठ दिवसांत सगळी गल्ली त्याला 'हलका हात' म्हणायला लागली. बेकरीवाल्याने बोलणं टाकलं. मुलगा कारखान्यातल्या कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या बोटींना ठिगळं लावतो. नदीकडचं दार उघडावं लागलं तर सुनेला सांगतो. उजवा हात त्याचा खांद्याच्या वर जात नाही.

म्हणून नातीने डोक्यात घेतलं. बावीस वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. मला म्हणाली, "आजी, आपल्या घरातलं कुणीतरी सासूतून धडपणे बाहेर यायला पाहिजे. नाही तर बाबा त्या कोपऱ्यातून उठायचे नाहीत."

"अगं, पण तूच का?"

"मग कोण, तू?"

तिच्याबरोबर दोघं जाणार होते. एक सुतार, हाताने चांगला पण तोंडाने त्याहून चांगला. आणि दवाखान्यातली एक नर्स, जी बोलायच्या आधी लिहून काढते. तिघांनी आठवडाभर कारखान्यातलं मोठं टेबल अडवलं होतं. नदीचा एक लांबलचक कागदी पट्टा आडवा पसरलेला, वर खिळे ठेवलेले, एकेक खिळा म्हणजे एकेक बोट. कोण पुढे, कोण मागे, दोरी कुणाकडे, एखादा पालथा झाला तर कुणी थांबायचं आणि कुणी पुढे जायचं. जादा वल्हं कुणाच्या बोटीला बांधायचं. रात्र कुठल्या वाळूवर काढायची. मी जिन्यात बसून ऐकायची. वाईट योजना नव्हती. तोंडावर म्हटलं नाही, पण यांनी केली असती तशीच होती.

शनिवारी पहाटे गाडी येणार आणि तिघांना बोटींसकट वर घळीच्या तोंडाशी सोडणार, असं ठरलं होतं. गुरुवारी सकाळी मी ठरवलं, आपण जाऊन पायऱ्या मोजायच्या. दारातून मोजताना माणूस आपल्या सोयीचं मोजतो. एखादी ओली पायरी कोरडी धरतो. मला सहा सापडल्या असत्या तर मी त्या वहीसकट भिंगरीच्या डोळ्यांपुढे नाचवल्या असत्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कुणाला सांगितली नव्हती. माझे गुडघे गेलेत. तीन वर्षं झाली. मला बसताना कुणी बघितलं तर मी काहीतरी उचलायला वाकले असं दाखवते. उठताना खोकते, म्हणजे हुंकार खोकल्यात जातो. या घरात मी कधी कुणाचा हात धरून चढले नाही आणि धरणारही नाही.

त्या सकाळी घरात कुणी जागं नव्हतं, म्हणून मी कडेच्या भिंतीला धरून उतरले. पाय पायरीवर, हात भिंतीवर. आणि हाताला काहीतरी लागलं. भिंतीत गिलाव्याखाली आडवे उंचवटे होते. एक उतरले, हात खाली सरकवला, दुसरा उंचवटा. पाय तिसऱ्या पायरीवर पोचला तेव्हा हात दुसऱ्याच उंचवट्यावर होता. पाय सातव्या पायरीवर गेला, पुढे पाणी. हात पाचव्या उंचवट्यावर.

मी तिथेच बसले. या वेळी खोकायचंसुद्धा सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुनेच्या माहेरी लग्न होतं. सगळे गेले, मी घर सांभाळायला राहिले. तेव्हा मी गवंड्याला बोलावलं. पाणी तळाला गेलेलं, पायऱ्या पार खालपर्यंत उघड्या. मी त्याला म्हटलं, पायऱ्या फुटल्यात, सगळ्या नव्या कर, आणि करतोच आहेस तर उंचीला चार बोटं कमी घे. गवंडी म्हणाला, "आजी, मग पायऱ्या वाढतील." मी म्हटलं, "वाढू देत. तुला काय त्या जेवायला घालायच्यात?" चार दिवसांत काम झालं. मुलगा परत आला, दोनदा वर-खाली करून म्हणाला, "चांगल्या झाल्या गं, चढायला हलक्या वाटतात." मी म्हटलं, "नव्या आहेत म्हणून."

भिंतीतले उंचवटे म्हणजे जुन्या पायऱ्यांची मुळं होती. गवंड्याने वरून गिलावा केला होता, मुळं उपटली नव्हती. यांच्या वहीतल्या सात म्हणजे त्या सात. आमच्या आत्ताच्या सात म्हणजे जुन्या पाच. पाच, घरी बस.

मागच्या वर्षी मी मुलाच्या शेजारी उभी राहून ज्या सात मोजल्या, त्याही पाचच.

माणसाने तेव्हाच बोलायला हवं होतं. मी वर गेले, चहा केला, पाय पुसले. मग कारखान्यात गेले. तिघं टेबलाशी होते, मुलगा कोपऱ्यात बोटीला चिकटपट्टी लावत होता. मी म्हटलं, "पाणी जास्त आहे. जाऊ नका."

सुतार म्हणाला, "आजी, झाकण कुठे ठेवू? म्हणजे तुम्हाला शोधायला त्रास नको."

भिंगरी हसली. "आजी, सात आहेत. मी आत्ता बघून आले."

"सात पुरत नाहीत."

"आजोबांनी लिहिलंय."

तेव्हा मी जे केलं ते सांगताना मला आजही लाज वाटते. मी खोटं बोलले, आणि गेलेल्या माणसाच्या तोंडी घालून बोलले. म्हटलं, "तुझे आजोबा शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले होते, वहीत चूक झाली. सासूला दहा कोरड्या लागतात, सात नाही. दहा होईपर्यंत थांबा." मला वाटलं, हिशेब बरोबर बसतो, पोरगी वाचते, आणि गुडघ्यांचं, गवंड्याचं, दवाखान्यातल्या वाक्याचं काही निघत नाही. साप मरतो, काठी मोडत नाही.

कोपऱ्यातून मुलगा बोलला. वर न बघता. "आई, दहा कोरड्यांना बाबा नदीत पाय घालत नव्हते. दहाला नुसते दगड. बोटीचं बूड फाटतं. आठव्या वर्षापासून माहीत आहे मला हे."

"म्हातारपणी सुचलं असेल त्यांना."

"म्हातारपणी त्यांना तुझं नाव आठवत नव्हतं. पायऱ्या आठवत होत्या."

भिंगरीने माझ्याकडे असं बघितलं, जसं झाकण लपवलं तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. हळू म्हणाली, "आजी, मला अडव, पण आजोबांना खोटं पाडू नकोस."

मी वर गेले. दुपारपर्यंत वरच होते. सूनबाई दोनदा येऊन बघून गेली, बहुतेक मी आणखी काय लपवते ते बघायला. मी स्वतःला समजावत होते. शनिवार लांब आहे. दोन दिवसांत पाणी आपोआप उतरेल. पोरगी हुशार आहे, नदीत गेल्यावर कळेल तिला. मग माझ्याच मनाने विचारलं, मागच्या वर्षी ज्याला कळलं होतं त्याचं काय झालं?

दुपारी जिन्यात येऊन बसले. खाली सुतार बोलत होता. "शनिवारपर्यंत थांबलो तर पाणी उतरेल. आठ होतील, मग खालच्या जावेपाशी दगड घासतील. उद्याच निघू. गाडीवाल्याला मी सांगतो."

"उद्या चालेल," भिंगरी म्हणाली. "सात आहेत तोवर जाऊ."

नर्स लिहीत होती. "परवा दुपारी सासूच्या तोंडाशी. थांबा किती?"

"तासभर. फळी उन्हात असते त्या वेळी. तिथेच बसून खाऊ, पाणी नीट बघू, मग ठरवू."

"फळीवर जेवण," असं म्हणत नर्सने लिहून घेतलं.

कागदावर त्या बाईने जेवणाची जागा लिहिली होती, आणि ती जागा पुरुषभर नाही तरी मांडीभर पाण्याखाली होती. त्या वेगाच्या पाण्यात मांडीभर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी जिना उतरले. या वेळी कठडा धरूनच उतरले.

"मागच्या दाराशी चला सगळे. टेप घ्या बरोबर."

"आजी, परत चक्कर?" सुतार म्हणाला.

"तू तोंड मिट आणि टेप घे. सुतार ना तू?" मग कोपऱ्याकडे वळले. "तू पण ऊठ."

मुलगा म्हणाला, "मला काम आहे."

"काम राहू दे. तुझ्याशीच काम आहे."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उठला. गलबला ऐकून सून वरून आली. मी दार उघडलं. भिंगरीला म्हटलं, भिंतीवर हात ठेव आणि उतर, पायाने पायऱ्या मोज, हाताने उंचवटे. तिला पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा मधेच थांबली.

"हे काय आहे?"

"जुन्या पायऱ्या."

सुताराने टेप लावला. नवी पायरी मोजली, उंचवट्यांमधलं अंतर मोजलं, परत मोजलं. त्याचं तोंड खरंच मिटलं होतं. नर्सने कागदावर आकडे मांडले आणि म्हणाली, "आजच्या सात म्हणजे वहीतल्या पाच. जेमतेम."

मी म्हटलं, "म्हणून दहा म्हटलं. आजच्या दहा म्हणजे यांच्या सात. यांनी काही सांगितलं नव्हतं. ते मी खोटं बोलले."

मुलगा उंबऱ्यातच उभा होता. वर्षभरात पहिल्यांदा त्या दारात. त्याने विचारलं, "गवंडी कधी आला होता?"

"तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा."

"म्हणजे माझ्या आधी."

"तुझ्या आधी."

तो भिंतीकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी ओरडण्याला उत्तर देऊ शकते. त्याने फक्त विचारलं, "उंची का बदललीस?"

त्या एका शब्दाला मला जितका वेळ लागला तितका बाळंतपणालाही लागला नसेल. "गुडघे," मी म्हटलं. "चढवत नव्हतं."

"मग सांगायचं की."

"नाही सांगितलं."

मग सून बोलली. इतकी वर्षं मला तिने उलट उत्तर दिलं नव्हतं. मी त्याला तिचा भिडस्तपणा समजत होते. ती साठवत होती. "आई, तुम्हाला कधी कळलं हे?"

"आज सकाळी."

"सकाळी. आणि आता दुपारचे तीन वाजलेत. सकाळपासून तुम्ही काय केलंत?"

मी दाराची कडी धरली.

"सहा महिने मी यांना शर्ट घालून दिला. यांच्या हातून चमचा पडला की हे म्हणायचे, बरोबर आहे, हातच हलका. स्वतःच म्हणायचे. तुमचं वाक्य. आणि आज तुम्हाला कळलं तर तुम्ही वर जाऊन बसलात? पोरीची गाडी उद्या येणार होती, आई!"

"ते उद्यावर आलं हे मला माहीत नव्हतं."

"शनिवार असता तर शुक्रवारी सांगितलं असतंत?"

खरं उत्तर मला माहीत नव्हतं आणि मी ते बनवलं नाही. मी म्हटलं, "काय करू सांग."

"मला नका विचारू. जिथे जिथे बोललात तिथे जाऊन सांगा. तेवढंच आहे आता."

भिंगरी खालच्या पायरीवर पाण्याशी बसली होती. तिने वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. म्हणाली, "आम्ही तिथे जेवायला बसणार होतो." मुलगा आत वळला. मला वाटलं, कोपऱ्यात गेला. तो लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन परत आला. माझ्या शेजारून पायऱ्या उतरला, डाव्या हाताने गिलावा खरवडला आणि पहिल्या उंचवट्यावर लाल रेघ ओढली. मग दुसऱ्यावर. पाचवी रेघ अर्धी पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत निघाले. न्हाव्यापासून सुरुवात केली. त्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्धी दाढी झालेलं. मी म्हटलं, "हात थांबव आणि ऐक. पायऱ्या मी बदलल्या, पोराची चूक नव्हती, ते वाक्य मी मागे घेतलं." गिऱ्हाईक म्हणालं, "कुठलं वाक्य?" म्हणून परत पहिल्यापासून सांगावं लागलं. औषधाच्या दुकानात सांगितलं. शिंपिणीकडे सांगितलं, ती म्हणाली, "मला तर माहीतच नव्हतं," म्हणजे तिला सगळ्यात जास्त माहीत होतं. प्रत्येक ठिकाणी गुडघ्यांचंही सांगावं लागलं, त्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही. संध्याकाळपर्यंत तिघींनी मला तीन तेलं सुचवली.

शेवटी बेकरी. बेकरीवाला फळीवर पाव मांडत होता, लंगडत. मी सगळं सांगितलं. त्याने हातातला पाव खाली ठेवला. झाल्यावर म्हणाला, "वर्षभराने?"

"मला काल कळलं."

"पायाला लगेच कळलं होतं," तो म्हणाला. परत पाव मांडायला लागला. मी दारापर्यंत आले तेव्हा पाठीमागून आवाज आला. "त्याला म्हणावं, मी ऐकलं."

मी घरी येऊन मुलाला तेवढंच सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. त्याने मान हलवली. माझ्याशी तो त्या दिवसांत कामापुरतं बोलत होता, आणि काम फारसं निघत नव्हतं.

पण टेबलाशी बसायला लागला. पहिल्या दिवशी लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी सुताराने खिळा चुकीच्या काठाला ठेवला तेव्हा न बोलता उचलून दुसरीकडे ठेवला. तिसऱ्या दिवशी नर्स त्याला विचारून लिहीत होती. सासूच्या वर डावीकडे एक पायवाट चढते, ती कागदावर नव्हतीच, ती त्याने काढून दिली. भिंगरी म्हणाली, "बाबा, तुम्ही पायवाटेने फळीवर येऊन दोरी घेऊन थांबाल?" तो म्हणाला, "डाव्या हाताने फेकता येते का बघतो." मग रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत तो दोरी फेकायचा आणि सुतार बुडाल्याचं सोंग करून ती धरायचा. बुडतानाही बोलायचा.

पाणी उतरेल तशा मुलाने खालच्या उंचवट्यांवरही रेघा ओढल्या. नवव्या दिवशी सकाळी पाणी सातव्या लाल रेघेच्या खाली होतं. सात कोरड्या, वहीतल्या. गाडी दाराशी आली. बोटी वर चढवल्या. तिघांनी हेल्मेटं डोक्यावर घातली होती, अजून गाडीत बसायचं होतं तरी. सून पाण्याच्या बाटल्या देत होती. मी मागच्या दारात उभी होते.

मुलगा पायऱ्या उतरून शेवटच्या कोरड्या पायरीवर जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. गाडीवाल्याने भोंगा वाजवला. भिंगरी दारात आली. "बाबा, निघायचं ना?"

"आज नाही."

"सात आहेत. लाल सात."

"आहेत."

"मग?"

त्याने हात केला. "मधोमध बघ. काटक्या, पानं, सगळं मधून चाललंय. पाणी उतरत असलं की कचरा काठाला टाकतं. हे चढतंय. वर कुठेतरी पाऊस झालाय. तुम्ही सासूपाशी पोचाल तेव्हा या सात राहणार नाहीत."

सुतार मागून आला. आभाळाकडे बघितलं, निळंशार होतं. "काका, ढगाचा तुकडा नाही. चार काटक्यांसाठी थांबायचं? नऊ दिवस झाले. वही म्हणते जा, तुम्ही काढलेली रेघ म्हणते जा."

"रेघ आत्ताचं सांगते," मुलगा म्हणाला. "उद्याचं नाही."

"आणि चुकलं तुमचं तर?"

"तर एक दिवस गेला."

नर्स भिंगरीकडे बघत होती. सून बाटली हातात धरून थांबली होती. मलाही कळत नव्हतं. मी चाळीस वर्षं त्या दारात उभी राहिले, पण काटक्यांकडे कधी बघितलं नव्हतं, पायऱ्याच मोजल्या. पोरीचे जबडे आवळलेले होते. तिला किती जायचं होतं ते मला दिसत होतं. ती दोन पायऱ्या उतरली, बापाच्या शेजारी उभी राहिली आणि पाण्याच्या मधोमध बघायला लागली. एक फांदी आली, पानांसकट, हिरवी. ताजी मोडलेली. मधूनच गेली.

भिंगरीने हेल्मेटचा पट्टा सोडला.

"बोटी उतरव," ती सुताराला म्हणाली. "गाडीला जाऊ दे."

"अगं—"

"बाबा म्हणतात नाही, म्हणजे नाही. उतरव."

सुतार पाय आपटत गेला. नर्स तिच्या कागदावर काहीतरी खोडत होती. ती दोघं बापलेक तिथेच पायरीवर बसली, तो बोटाने काहीतरी दाखवत होता, ती मान हलवत होती. त्याचा उजवा हात होता तो. खांद्याच्या वर गेला नाही, पण पाण्यावर रोखलेला होता.

माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती, आणि तिन्ही चांगली होती. मी दार अर्धं लोटलं आणि वर गेले.